नमुना क्रमांक दोन

पाणी तपासणाऱ्या बाईंची एक शिस्त होती. चिठ्ठीवर नमुन्याचा नुसता क्रमांक लिहायचा, नाव नाही. पाणी कुणाच्या विहिरीचं ते कळलं की हात झुकतो, असं त्यांचं म्हणणं. घरी वाचलेल्या पुस्तकांनाही त्या हीच शिस्त लावत. तशाच पिवळ्या चिठ्ठ्या आणि तीच भाषा. या महिन्यात एका निवृत्त कप्तानाचं आत्मचरित्र वाचून त्यांनी लिहिलं होतं, ‘क्र. १. मीपणा मर्यादेबाहेर. थोडं थोडं घ्यावं.’ बक्षीस मिळालेल्या जाडजूड कादंबरीवर, ‘क्र. ३. फेस भरपूर. निवळल्यावर अर्धा पेला.’

क्रमांक दोन म्हणजे नणंदेची पहिली कादंबरी. सहा वर्षं खपून लिहिलेली.

“सगळे छान छान म्हणतायत गं,” नणंद म्हणाली होती, “तू मात्र खरं सांग. दुसरी लिहायची की नाही, ते तुझ्या मतावर ठरवणार मी.”

सोमवारी सकाळी घाईघाईत पर्समधली एक चिठ्ठी नणंदेसाठी टेबलावर ठेवून बाई कामावर गेल्या. अकराच्या सुमारास अहवालांची टायपिस्ट चष्मा कपाळावर सारत आली.

“मॅडम, विहिरीच्या अहवालात ‘नायिकेची आई विशेष आवडली’ हे कुठल्या रकान्यात घालू?”

बाईंच्या हातातली परीक्षानळी हातातच राहिली. त्यांनी घरी फोन लावला.

“अहो, टेबलावरची चिठ्ठी ताईंना दाखवू नका!”

“छे, दाखवली नाही,” नवरा म्हणाला. “तिचा फोन आला, तेव्हा वाचून दाखवली.”

“सगळी?”

“अक्षरन् अक्षर. ‘क्र. २. रंग गढूळ. किंचित वास. तळाशी गाळ. उकळल्याशिवाय घेऊ नये.’ मला जरा कडकच वाटलं. पण म्हटलं, कप्तानालाही तू कुठे सोडलंस?”

“मग? ताई काय म्हणाल्या?”

“काही नाही. गाळाचं तेवढं परत वाचायला लावलं. संध्याकाळी येतेय.”

त्या दिवशी बाईंनी एकच बाटली तीनदा तपासली.

संध्याकाळी नणंद आली ती डोळे लाल करूनच.

“ताई, ती चिठ्ठी...”

“एक शब्द बोलू नकोस!” नणंदेनं त्यांना मिठीच मारली. “तळाशी गाळ! अगं, खोली असल्याशिवाय गाळ बसतो का? चाळीस जणांनी वाचली, सगळे वरच्यावर पोहून गेले. तळाला हात लागला तो तुझा. आणि उकळल्याशिवाय घेऊ नये म्हणजे काय, तर सावकाश मुरवून वाचावी! दुसरीची चार पानं आजच लिहिली मी. रडत रडत!”

नवऱ्यानं डोळ्यांनीच खुणावलं, गप्प बस. पण नमुन्यांची अदलाबदल लपवणं बाईंच्या रक्तातच नव्हतं. त्यांनी पर्समधून दुसरी चिठ्ठी काढली.

“ताई, ती विहिरीच्या पाण्याची होती. तुमच्या कादंबरीची ही.”

नणंदेनं वाचलं, ‘क्र. २. नितळ. चव गोड. नायिकेची आई विशेष आवडली. सर्वांना देण्यास योग्य.’

तिनं चिठ्ठी घडी करून परत दिली आणि भावजयीच्या गालावर हलकीशी चापट मारली.

“माझं मन राखायला बसून दुसरी चिठ्ठी लिहिलीस होय? वेडाबाई! आणि खोटं लिहायचं तर जरा बरं तरी लिही. नितळ म्हणे!”

बाई चहा टाकायला उठलेल्या नवऱ्याला एवढंच म्हणाल्या, “पाणी चांगलं उकळा.”