अर्ज वसतिगृहात राहतो

मानसशास्त्राच्या एम.ए.ला मयूरी बारंगुळेच्या अर्जाला प्रवेश मिळाला, मयूरीला मिळाला नाही.

यादी बुधवारी सकाळी लागली. गुणवत्ता यादीत नवव्या क्रमांकावर ‘बारंगुळे मयूरी भानुदास (अर्ज)’ असं होतं आणि प्रतीक्षा यादीत पहिल्या क्रमांकावर ‘बारंगुळे मयूरी भानुदास (स्वतः)’. मयूरीने मोबाइलवर ते पान मोठं करून पाहिलं, लहान करून पाहिलं, ओढणीने काच पुसून पाहिलं. दोन महिने ती दिवसातून वीसदा विद्यापीठाची वेबसाइट उघडत होती. जेवताना, केस विंचरताना, कुणाच्या बारशाला पाळणा हलवतानासुद्धा. होईल किंवा होणार नाही, या दोन गोष्टींची तिने मनाची तयारी केली होती. झालंही आणि नाहीही, असं झालं तर काय करायचं हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

तिचे वडील भानुदासराव बार्शीच्या टपाल कार्यालयात उपपोस्टमास्तर होते. त्यांनी चष्मा लावून यादी मोठ्याने वाचली. कुठलाही कागद मोठ्याने वाचल्याशिवाय त्यावर मत द्यायचं नाही, असा त्यांचा तीस वर्षांचा शिरस्ता होता.

“नियमात आहे,” ते म्हणाले. “पहिल्याच यादीत. पेढे आणतो.”

“पण पप्पा, मला नाही मिळाला.”

“तुझ्याच अर्जाला मिळालाय ना? परक्याच्या तर नाही.”

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. भानुदासरावांपासून तीन हातांवर. ती म्हणाली, “मयू, पप्पांना सांग, पेढे भगवंताच्या देवळासमोरच्या दुकानातून आणा.”

“पप्पा, आई म्हणतेय, पेढे देवळासमोरून आणा.”

“आईला सांग, तिथं या वेळी गर्दी असते.”

“आई, पप्पा म्हणतायत, तिथं गर्दी असते.”

चार वर्षांपासून त्या घरात असंच चाललं होतं. आई आणि पप्पा एकमेकांशी बोलत नसत. भांडण झालेलं कुणी ऐकलं नव्हतं, भांडी आपटलेली कुणी पाहिली नव्हती. एका सोमवारी बोलणं बंद झालं आणि मंगळवारपासून मयूरी निरोप्याचं काम करू लागली. सुरुवातीला कारण विचारायचा तिला धीर झाला नाही, आणि पुढे विचारायचंच राहून गेलं. बी.ए.च्या परीक्षेच्या दिवशीही ती ‘पप्पांना सांग, गॅस संपलाय’ हा निरोप पोचवून मगच पेपरला गेली होती.

खरं तर यामुळेच तिला मानसशास्त्र शिकायचं होतं. अर्जात ‘हा विषय का निवडला’ याखाली तिने लिहिलं होतं, ‘मला माणसं कळत नाहीत, म्हणून.’ भानुदासरावांनी ते वाक्य वाचलं आणि खोडलं. “कळत नाही म्हटल्यावर कोण घेईल तुला? डॉक्टरकीच्या अर्जात कुणी लिहितं का, मला रक्ताची भीती वाटते?” मग त्यांनी स्वतः बसून, मोत्यासारख्या अक्षरात तीन पानी अर्ज लिहिला. त्यातली मयूरी वक्तृत्वात निपुण होती, तिला लहानपणापासून मानवी मनाचं कुतूहल होतं, आणि ‘घरातील मनमोकळ्या संवादामुळे’ तिचं व्यक्तिमत्त्व घडलं होतं. मयूरीने सही केली. एवढ्या सुंदर अक्षराशी वाद घालणं तिला जमलं नाही.

जुलैत बापलेक अर्जाला वसतिगृहात सोडायला गेले. आईने चिवडा आणि एक सोलापुरी चादर बांधून दिली होती. एस.टी.त कंडक्टरने अर्जाचं तिकीट फाडलं नाही, मांडीवर घ्या म्हणाला. वसतिगृहाच्या फाटकावर अधीक्षक बाईंनी फाइल उघडली, तिन्ही पानं मोजली आणि खोली क्रमांक बावीस लिहून घेतला.

“या कोण?” त्यांनी मयूरीकडे पाहून विचारलं.

“अर्जदार,” भानुदासराव म्हणाले.

“मग त्यांना इथंच थांबू द्या. आत फक्त विद्यार्थी.”

मयूरी फाटकाबाहेर चाफ्याखाली उभी राहिली. अर्जाचा हेवा वाटावा की अभिमान, तिला काही समजेना. चिवड्याचा डबा मात्र बाईंनी निमूट ठेवून घेतला.

अर्जाचं छान चाललं. महिन्याअखेर हजेरीचा तक्ता घरी आला, शंभर टक्के. शेरा होता, ‘शांत, मुद्देसूद, नीटनेटका.’ भानुदासरावांनी तो तक्ता टपाल कार्यालयात सगळ्यांना वाचून दाखवला. “पोरगी हुशार निघाली तुमची,” असं लोक म्हणत आणि ते मान डोलवत. घरात पोरगी वेबसाइट उघडून बसलेली असे. प्रतीक्षा यादीतला तिचा एक नंबर एकच राहिला होता, आणि एकच्या वर चढायला जागा नसते.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात विभागातून फोन आला. एक जागा रिकामी झाली होती. प्रतीक्षा क्रमांक एकने मुलाखतीला यावं.

मुलाखत विभागप्रमुख डॉ. कुमुदिनी आराध्ये यांनी घेतली. शेजारी प्रवेश लिपिक घोडके जाडजूड नोंदवही घेऊन बसले होते.

“जागा आहे,” आराध्येबाई म्हणाल्या. “अडचण एवढीच, की एका उमेदवाराला दोन जागा देता येत नाहीत. तुम्ही आणि तुमचा अर्ज वेगवेगळे आहात हे सिद्ध झालं पाहिजे.”

“मॅडम, मी माणूस आहे.”

घोडक्यांनी अर्जाची नक्कल चाळली. “‘मी एक संवेदनशील माणूस आहे.’ पान दोन, तिसरी ओळ. आलंय ते.”

“मला वक्तृत्व येत नाही.”

“विनय,” घोडके म्हणाले. “पान तीन.”

ही जागा गेली तर पुन्हा वर्षभर थांबणं आलं, आणि तेव्हाही यादीत आपल्याआधी हा अर्ज असणारच. ती टेबलाच्या कडेकडे बघत म्हणाली, “आमच्या घरात मनमोकळा संवाद नाही. आई-पप्पा चार वर्षं एकमेकांशी बोललेले नाहीत. सगळं माझ्यामार्फत चालतं.”

आराध्येबाईंनी पेन खाली ठेवलं. “का बोलत नाहीत?”

“मला माहीत नाही. ते कळावं म्हणून तर इथं यायचंय.”

“हे अर्जात नाही,” घोडके म्हणाले. त्यांनी तिन्ही पानं पुन्हा पाहिली. “उलट आहे. म्हणजे उमेदवार वेगळा. फक्त पुरावा लागेल.”

मग त्यांनी छापील नमुना काढून दिला. आई-वडिलांचं संयुक्त निवेदन, की आम्ही उभयता एकमेकांशी बोलत नाही. दोघांनी एका खोलीत, एकमेकांसमोर सही करायची. अर्जदार लाभार्थी असल्यामुळे त्याने त्या वेळी खोलीत असायचं नाही. सही करण्याच्या क्षणी मजकूर खरा असला पाहिजे. मूळ प्रत शुक्रवारी पाचच्या आत. घोडक्यांनी शेवटची अट बोट ठेवून दोनदा दाखवली.

घरी येऊन मयूरीने सगळं सांगितलं. दोघांनीही ते एकाच वेळी, एकाच खोलीत ऐकलं.

“पप्पांना सांग, मी सही करायला तयार आहे,” आई म्हणाली. “पोरीचं कल्याण होत असेल तर काय हरकत आहे.”

“आईला सांग, उद्या गुरुवारी सकाळी दहा वाजता. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकतो.”

चार वर्षांत एखाद्या गोष्टीवर त्यांचं इतक्या पटकन एकमत झालेलं मयूरीने पाहिलं नव्हतं. तिला हायसं वाटलं, आणि आपल्याला हायसं का वाटतंय या विचाराने ती पुन्हा गोंधळली.

गुरुवारी दहा वाजता आई इस्त्रीची साडी नेसून पुढच्या खोलीत खुर्चीवर बसली. भानुदासरावांनी पेन, शिक्क्याची शाई आणि नमुना टेबलावर मांडला. मयूरी बाहेर आली, दार ओढून घेतलं आणि पायरीवर बसली. दोन महिने निकालाची वाट पाहताना जेवढी धडधड झाली नव्हती तेवढी आता होत होती. आत कुणी चुकून बोललं तर सगळं मुसळ केरात. ती कान देऊन बसली.

भानुदासराव शिरस्त्याप्रमाणे मजकूर वाचू लागले. कागद वाचणं म्हणजे बोलणं नव्हे, हे तिला ठाऊक होतं. “आम्ही, भानुदास ज्ञानोबा बारंगुळे व सौ. सुमन भानुदास बारंगुळे, असे लिहून देतो की, गेली चार वर्षे आम्ही एकमेकांशी एक शब्दही...”

“चार नाही,” आई म्हणाली.

मयूरीने डोळे मिटले.

मग आईच पुन्हा म्हणाली, “खोटं कशाला लिहायचं? मधल्या दसऱ्याला मी बोलले होते. तुमचा डबा राहिला होता म्हणून फाटकातून हाक मारली. तुम्ही वळला नाहीत.”

“हाक मारलीस?” भानुदासरावांचा आवाज कागद वाचतानाचा नव्हता. “मला वाटलं, भाजीवाल्याला थांबवतेयस.”

“भाजीवाल्याला अहो म्हणते का मी?”

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग दोघं हळू आवाजात काहीतरी बोलत राहिले. मयूरीला एकही शब्द पकडता येईना. चार वर्षांत या घरातलं एकही वाक्य तिच्या कानावरून गेल्याशिवाय राहिलं नव्हतं, आणि आता ती दाराला कान लावून बसली होती.

साडेअकराला भानुदासरावांनी दार उघडलं. हातात नमुना होता, सहीची जागा कोरी.

“मयू, हे देता येणार नाही. खोटं ठरेल.”

“पप्पा, आत्ता दोन मिनिटं गप्प बसा दोघं, आणि सही करा. तेवढ्यापुरतं तर खरं होईल.”

त्यांनी त्यावर प्रामाणिकपणे विचार केला. तिच्यासाठी त्यांना मनापासून वाईट वाटत होतं, ते चेहऱ्यावर दिसत होतं. “केलं असतं गं,” ते म्हणाले. “पण मला तिला अजून एक विचारायचंय.”

आणि ते परत आत गेले.

शुक्रवारी पाच वाजता ती जागा प्रतीक्षा क्रमांक दोनला गेली. मयूरीने फोन करून कारण कळवलं तेव्हा घोडक्यांनी सौजन्याने सांगितलं, की मयूरीचा क्रमांक एक कायम आहे, आणि घरात संवाद सुरू झाल्यामुळे अर्जातला मजकूर आता तपासून बरोबर ठरला आहे, तशी नोंद घेतली. मयूरीने फोन ठेवला. तिला रडू येत होतं आणि बरंही वाटत होतं. यातलं कुठलं आधी करावं हे न कळून ती पुढच्या खोलीत पप्पांच्या शेजारी जाऊन बसली.

स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, “अहो, चहा टाकतेय.”

मयूरीने सवयीने पप्पांकडे वळून तोंड उघडलं. “पप्पा, आई...”

“टाक,” भानुदासराव आत बघून म्हणाले.

मयूरीचं तोंड तसंच उघडं राहिलं. मग तिने ते मिटलं.

“अहो,” आई आतून म्हणाली, “मयूला विचारा, तिला घ्यायचाय का.”

भानुदासराव तिच्याकडे वळले. “आई विचारतेय, तुला चहा घ्यायचाय का?”

मयूरीने स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. आई तिथून दिसत होती, तीन हातांवर.

“आईला सांगा,” ती म्हणाली, “अर्धा कप.”