बांधापलीकडच्या खुंट्या

सकाळी जयदेव चामटोलीतल्या आपल्या शेतावर गेला, तर तिथे लाल फडकी बांधलेल्या आठ खुंट्या ठोकलेल्या. या भागात जमिनीखालून गॅसची पाइपलाइन जाणार, ही बातमी महिनाभर फिरत होती. पाइपवर इमारत बांधू देत नाहीत, आणि जयदेवच्या शेतात सात मजले चढवायला अंबरनाथचा एक बिल्डर जवळजवळ तयार झाला होता. जयदेव शेती करत नसे. तो जागा सांभाळत असे, आणि त्यालाच कष्ट म्हणत असे.

"काल शेतावर कोण आलेलं?" त्याने बायकोला विचारले.

"दोन माणसं. टेप लावून मापं घेत व्हती," पुतळाबाई म्हणाली. "पण अवो, ती..."

"समजलं. कंपनीवाले."

"पुरतं आयका तरी."

"तुला सर्व्हेतलं काय कळतं?"

सर्व्हेतले जयदेवलाही काही कळत नव्हते, पण ती अडचण त्याला आयुष्यात कधी जाणवली नव्हती. त्याने खुंट्या उपटल्या आणि बांधापलीकडे, चुलतभाऊ चांगोच्या शेतात तशाच ओळीने ठोकल्या. त्या हातभर बांधावरून दोघांचे अकरा वर्षे बोलणे नव्हते. लेकीच्या, नूतनच्या तोंडावर आलेल्या हळदीला जयदेवने सारे गाव बोलावले होते, फक्त चांगोला वगळून. चांगो पडवीत बसून खुंट्यांची ही मिरवणूक बघत होता. अडवायला उठला नाही. घाबरला असेल, असे जयदेवला वाटले.

नेमकी हळदीच्या दिवशीच बदलापुरात पाइपलाइनची बैठक होती.

"आज तरी घरी थांबा," पुतळाबाई म्हणाली.

"जमीन राहिली तर हळद," असे सांगून जयदेव गेला आणि दिवसभर पहिल्या रांगेत विरोध करत बसला. शेवटी जिज्ञासा नावाच्या इंजिनिअर मुलीने त्याला नकाशा दाखवला. लाइन नदीपलीकडून जात होती.

"मग माझ्या शेतात लाल खुंट्या कोणी ठोकल्या?"

"आमच्या नाहीत, काका. आम्ही नंबर घातलेले दगड लावतो. आणि तुमच्या गावात आम्ही आलोच नाही."

संध्याकाळी जयदेव परतला, तेव्हा चांगोच्या शेतात मांडव उभा होता. तीनशे खुर्च्या, दिव्यांच्या माळा, डीजे.

"काका, काकूंनी सांगितलं म्हणून मांडवाचं मार्किंग मी तुमच्याकडं केलेलं," मांडववाला दिपेश म्हणाला. "तुम्हीच उचलून इकडं लावलंत. मला वाटलं, भावाभावांचं जमलं."

"काढ सगळं."

"मेढ पुजून झाली, काका."

पुजलेली मेढ, म्हणजे मांडवाचा पहिला खांब, लग्न लागेपर्यंत उपटत नाहीत. ते करण्याची छाती जयदेवलाही नव्हती. त्याने बायकोकडे पाहिले.

"मी सांगत व्हते," ती म्हणाली आणि पाहुण्यांकडे वळली.

मांडवाच्या दारात चांगो फेटा बांधून प्रत्येकावर गुलाबपाणी शिंपडत होता. जयदेव समोर येऊन थांबला. चांगोने त्याच्यावरही दोन थेंब शिंपडले.

"ये, जयदेवदादा. बस," तो म्हणाला. "आमच्याकडं बोलावणं नसलं तरी चालतं."