गुरुत्वाकर्षणातले आगाशे

"काय करता आपण?" असं विचारलं की कुणी सांगतं, मी बँकेत आहे, कुणी सांगतं, मी औषध कंपनीत आहे. आगाशे सांगायचे, "मी गुरुत्वाकर्षणात आहे."

त्यात खोटं काही नव्हतं. न्यू जर्सीत आमच्या काउंटीच्या सांडपाणी विभागात ते इंजिनिअर होते. घराघरांतलं पाणी पंप न लावता, नुसत्या उतारावरून कसं वाहत जाईल ते नकाशावर आखायचं, हे त्यांचं काम. "पंप बंद पडतो हो साठे, गुरुत्वाकर्षण बंद पडत नाही. सुटीच्या दिवशीसुद्धा."

साडेपाचनंतर मात्र ते त्याच गुरुत्वाकर्षणाच्या मागे वेगळ्या कामाने लागत. अणूच्या आतलं जग सांगणारा एक सिद्धांत आहे आणि ग्रहताऱ्यांचं जग सांगणारा दुसरा. दोन्ही आपापल्या जागी चोख. एकत्र आणायला गेलं की उत्तर येतं अनंत. या दोघांना एका समीकरणात बसवायचं, हा आगाशांचा ध्यास. अमेरिकेत ते आले होते भौतिकशास्त्रात डॉक्टरेट करायला. दोन वर्षांनी ती सुटली, नोकरी लागली, लग्न राहून गेलं. समीकरण तेवढं उरलं. "दोन्ही बाजू बरोबर आहेत, हीच तर पंचाईत आहे," हे त्यांचं पालुपद. ते भौतिकशास्त्रालाही लागू होतं आणि आमच्या मराठी मंडळाच्या निवडणुकीलाही.

शनिवारी ते आमच्याकडे जेवायला असत. त्या काळी आमच्याकडे श्रीखंड व्हायचं ते सावर क्रीमचं. एकदा पहिला चमचा तोंडात घालून ते म्हणाले, "अवकाश असंच आहे बघा वहिनी. लांबून गुळगुळीत. अगदी जवळ गेलं की रवाळ."

"रवाळ?" माझी बायको सुमन म्हणाली. "दोनदा गाळलंय भावजी!"

"अहो, तुमचा दोष नाही. विश्वाचाच आहे."

पुढचे तीन शनिवार सुमनने गोड केलं नाही.

ऐंशीच्या दशकाच्या मध्याला भौतिकशास्त्रात तारांची लाट आली. सगळं विश्व म्हणजे थरथरणाऱ्या बारीक तारा, आणि त्या थरथरायला दहा मिती लागतात, असं मोठमोठे लोक म्हणू लागले. आगाशे बिथरले. "तीन मितींत पार्किंग मिळत नाही, यांना दहा पाहिजेत!"

त्याच सुमारास आमच्या मंडळाने गणपतीत एका प्राध्यापकांचं व्याख्यान ठेवलं. शाळेच्या जिममध्ये, बास्केटबॉलच्या जाळीखाली. अध्यक्षांनी पाहुण्यांची ओळख पंचवीस मिनिटं करून दिली. तेवढ्यात विश्वाची ओळख करून देता आली असती. व्याख्यान संपल्यावर आगाशे उभे राहिले आणि त्यांनी एक लांबलचक शंका विचारली. प्राध्यापक कौतुकाने हसले. "छान. आपलं क्षेत्र कोणतं?"

"गुरुत्वाकर्षण."

"अस्सं! कुठल्या विद्यापीठात?"

"सांडपाणी विभागात."

जिम हसून हसून लोळलं. प्राध्यापकांनी शंकेचं उत्तर दिलं नाही. मी शेजारी बसलो होतो आणि, खरं सांगायचं तर, मीही हसलो. आगाशे शांतपणे खाली बसले आणि म्हणाले, "उत्तर येत नाही त्यांना. अण्णांना आलं असतं."

अण्णा म्हणजे आगाशांचे वडील. मिरजेला शाळेत चाळीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेले. आगाशे त्यांना दर पंधरा दिवसांनी एक एरोग्राम, म्हणजे घडी घालून चिकटवायचं हवाई टपालाचं पत्र, पाठवत. निळ्या कागदावर वर दोन ओळी खुशालीच्या, खाली सगळी आकडेमोड. अण्णांचं उत्तर यायचं त्यातही खुशाली दोनच ओळी, बाकी तांबडी शाई.

एका डिसेंबरात मी सांगलीला घरी निघालो. तेव्हाची रीतच होती, भारतात कोणी निघालं की ओळखीच्यांची पत्रं, जीवनसत्त्वाच्या गोळ्या, एखादं घड्याळ बॅगेत यायचंच. आगाशांनी अण्णांसाठी एक भिंग दिलं आणि एरोग्राम दिला. हातोहात द्यायचं पत्र चिकटवायचं नाही, नेणाऱ्यावर अविश्वास दिसतो, हा आपला जुना शिष्टाचार. आगाशांनी तो पाळला.

मी पाळला नाही. विमानात बावीस तासांत वाचायला दुसरं काही उरलं नाही, तेव्हा मी तो कागद उघडला. विश्वाचं मला कळत नाही, पण मी केमिकल इंजिनिअर आहे, बेरीज-वजाबाकी कळते. तिसऱ्या ओळीत सरळ सरळ चूक होती. कंसाबाहेर पडताना जिथे अधिक यायला हवं तिथे उणे. शाळकरी पोराची चूक. मला जिममधलं हसणं आठवलं. निदान म्हाताऱ्या बापासमोर तरी यांची शोभा नको, असं वाटलं. उण्याचं अधिक करायला लागतं काय? एक उभी रेघ. खिशातलं पेन काढून मी ती मारली आणि सत्कृत्य केल्याच्या समाधानात झोपलो.

मिरजेला अण्णा पलंगावर बसूनच असत. पाय गेले होते. मी पत्र दिलं तसं त्यांनी उशीखालून तांबडं पेन काढलं, टोपण उघडून कानावर ठेवलं, आणि नवं भिंग घेऊन वाचायला लागले. चहा निवला. त्यांनी एकदा वाचलं, दुसऱ्यांदा वाचलं, मग कागद उजेडाकडे धरून तिसऱ्यांदा.

"तिसऱ्या ओळीत घसरतो तो नेहमी," अण्णा म्हणाले. "दर पत्रात एक तरी चूक सापडतेच. आज काही सापडेना रे."

"मग चांगलंच की अण्णा!"

"हो तर. चांगलंच." त्यांनी पेनाला टोपण लावलं. "बरोबर आहे म्हणून सांग त्याला." निरोपसमारंभाचा हार गळ्यात घेऊन घरी परतणारा माणूस दिसतो, तसे ते मला दिसले. कारण कळलं नाही.

परत आल्यावर मी मोठ्या ऐटीत आगाशांना बातमी दिली. "अण्णा म्हणाले, बरोबर आहे. एकही चूक नाही!"

आगाशांचा चेहरा उतरला. "नीट पाहिलं त्यांनी? भिंग घेतलं होतं?"

"तीनदा वाचलं."

"तिसरी ओळसुद्धा?"

ते आमच्या सोफ्यावर बसले, चष्मा काढला आणि काचा पुसतच राहिले. "म्हणजे गेलं आता," ते हळूच म्हणाले. "एवढी ठळक ठेवली होती."

"ठेवली होती?"

"अहो साठे, चाळीस वर्षं माणसाने पेपर तपासले. आता पलंगावर पडून काय तपासणार? दर पत्रात एक घालतो. फार सोपी नाही, फार अवघडही नाही. ती सापडली की पुढचे पंधरा दिवस मला शिव्या देत बरे असतात. आता तीसुद्धा दिसेना त्यांना..."

आता मला बोलणं भाग होतं. मी विमान, पेन, उभी रेघ, सगळं सांगितलं. आता हा माणूस मला मारणार, असं वाटलं. पण ते हसायला लागले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. "म्हणजे ते शाबूत आहेत! गाढव तुम्ही आहात!" मग सुमनकडे वळून म्हणाले, "वहिनी, श्रीखंड आहे का हो?"

त्याच दुपारी त्यांनी एरोग्राम टाकला, दोन चुकांचा. महिन्याने अण्णांचं उत्तर आलं ते त्यांनी आम्हाला मानपत्रासारखं वाचून दाखवलं. "दोन चुका! अमेरिकेत राहून निष्काळजी झालास. मागच्या पत्रावरून मला वाटलं होतं, सुधारलास."

पुढे दोन वर्षांनी अण्णा गेले. आगाशे मिरजेला जाऊन आले, शनिवारी जेवायला येऊ लागले, उतार आखू लागले. समीकरणाचं नाव काढीनात. मीही काढलं नाही.

मग एक दिवस आमच्या टपालपेटीत एरोग्राम आला. आगाशांचा, राहायचे तीन गल्ल्या पलीकडे. वर खुशालीच्या दोन ओळी होत्या, "उरलेले कागद संपवतो आहे. सवडीने पाहावे." खाली सगळी आकडेमोड.

तिसऱ्या ओळीत कंसाबाहेर उणे होतं.

ते मुद्दाम होतं की खरंच चुकलं होतं, हे मी कधी विचारलं नाही. सुमनला म्हटलं, तांबडं पेन कुठे आहे बघ.