आक्कासाहेबांच्या दुधातलं विष

पाहुणे येण्याआधी टीव्ही बंद करा, असं आशाबाईंनी नवऱ्याला सकाळपासून तीनदा बजावलं होतं. राधाकिसनरावांनी काय केलं, तर नुसता आवाज बंद केला. त्यामुळे घनसावंगीचे पाहुणे परतूरला आले, चहापोहे झाले, तरी कोपऱ्यात टीव्हीवरच्या मालिकेतली बाई मुक्यानं रडतच होती.

प्रियदर्शनीचं हे चौथं स्थळ. पहिल्याला ती उंच वाटली, दुसऱ्याला तिची लॅबमधली नोकरी नको होती आणि तिसऱ्याचं नाव घरात घ्यायचीच बंदी होती. या चौथ्या मुलाचं, कल्याणचं, मात्र सगळं जुळलं होतं. पोरापोरीनं एकमेकांना पसंत केलेलं. आता चार मोठ्या माणसांदेखत सुपारी फोडायची, की सोयरीक पक्की. मुलाच्या मामांनी, कारभारींनी, अडकित्ता उचलला आणि नेमकी तेव्हाच मुलाच्या आईची नजर कोपऱ्यात गेली.

"अगं बाई, आक्कासाहेब! दुपारचं परत लागलं का?" द्वारकाबाई म्हणाल्या.

"तुम्ही बी बघता?" आशाबाईंना विहीण आणखीच आवडली.

"एक दिवस चुकवत न्हाई. त्या सुनेनंच सासूच्या दुधात विष कालवलं बघा. तोंडावरूनच दिसतंय."

इथं आशाबाईंनी गप्प बसायला हवं होतं. ते त्यांनाही कळत होतं. पण मालिकेतल्या त्या सासूवरचा चार महिन्यांचा राग होता.

"ती गरीब कशाला कालवंल? आक्कासाहेबानं सोताच कालवलं. सुनेला घराबाहेर काढायला."

"सोताच्या दुधात?"

"दोनच घोट पेली. मी मोजले ना."

द्वारकाबाईंनी पदर सावरला. "म्हंजी सासू म्हणलं की कपटीच का? मी बी सासूच होऊन राह्यले म्हणलं."

"तसं न्हाई म्हणलं मी."

"मंग कसं म्हणलं?"

राधाकिसनराव मदतीला धावले. हा त्यांचा जुना दोष. "दोघींचं बी बराबर हाय. खरा गुन्हेगार तो पोरगा. बायको रडून राह्यली, आई वरडून राह्यली, अन् हा बैताड चार महिने दारात पडदा धरून उभा!"

सगळ्यांनी दाराकडे पाहिलं. दारात कल्याण उभा होता. त्यानं हळूच पडदा सोडला.

कारभारीमामा मालिका बघत नसत. "कोण मेलं?" त्यांनी विचारलं.

"कुणीच न्हाई."

"मंग भांडण कशाचं?"

दोघी बायांनी एकदमच सांगायला सुरुवात केली. सासऱ्याचं शहरात दुसरं बिऱ्हाड. थोरला पितो. चुलतसासू कमरेला किल्ल्या लावून झोपते. माहेरी परत आलेली नणंद दाराला कान लावते. वीस मिनिटांनी मामांनी कपाळाला हात लावला.

"अरारा! काय घर हाय हे! अन् असल्या घरात पोरगी दिली कुणी? चौकशी करायची का न्हाई?"

"दादा, ते खोटं हाय," द्वारकाबाई म्हणाल्या. "पण इथलं खरं हाय. सासूला पाण्यात पाहायचं शिकवलेली पोरगी मला नको. कल्याण, चल."

मामांनी हात वर केला. "बस, द्वारका. आज सातला मोठा भाग हाय म्हणता ना? आज कळंल कोण ते. सून निघाली तर आशाबाईनं माफी मागायची, सासू निघाली तर तू. मंग सुपारी."

सात वाजायला अडीच तास होते. म्हणजे आठ माणसांचा स्वयंपाक आला. आशाबाई पिठात हात घालून पुटपुटत होत्या, "देवा, त्या सुनेनंच कालवलेलं असू दे." चार महिने ज्या सुनेची बाजू घेऊन त्या अख्ख्या गल्लीशी भांडल्या होत्या, तिचाच आज त्यांनी भाकरी थापता थापता बळी दिला.

"आई, तुला गप बसता आलं न्हाई?" प्रियदर्शनीनं विचारलं.

"तुझ्या आजीपुढं सोळा वर्षं गप बसले. एकदा तोंड उघडलं, ते बी टीव्हीतल्या सासूवर. तेवढं बी चाललं न्हाई."

प्रियदर्शनीनं आईच्या हातातलं पीठ ओढून घेतलं आणि स्वतः भाकऱ्या थापायला बसली.

सातला सगळे टीव्हीपुढे बसले. टीव्हीवर इन्स्पेक्टर आला. विष कालवणारा याच घरातला आहे, असं म्हणाला. सगळ्यांचे चेहरे तीन-तीनदा दाखवून झाले. मग आक्कासाहेबांनी थरथरतं बोट उचललं. बोट सुनेवरून नणंदेवर, नणंदेवरून थोरल्यावर गेलं. आशाबाईंनी डोळे मिटले. वीज कडाडली.

पडद्यावर अक्षरं उमटली : वीस वर्षांनंतर.

एक पोरगी स्कूटीवरून कॉलेजला निघाली होती. आक्कासाहेबांची एक बट पांढरी झाली होती. बाकी त्या होत्या तशाच.

"अन् दूध?" द्वारकाबाईंनी विचारलं. दुधाचं कुणीच नाव काढत नव्हतं. भाग संपला.

मामा अडकित्ता हातात धरून बसले होते. असा पेच त्यांच्यापुढे कधी आला नव्हता. "आता निकाल कसा लावायचा?"

स्वयंपाकघराच्या दारातून प्रियदर्शनी म्हणाली, "मामा, आम्ही बी थांबायचं का वीस वर्षं?"

तेव्हा कल्याण दुपारपासून पहिल्यांदा बोलला. "मी बिलकुल थांबणार न्हाई." त्यानं मामांच्या हातातून अडकित्ता घेतला आणि काडकन सुपारी फोडली. नवऱ्या मुलानं स्वतःची सुपारी स्वतः फोडल्याचं पंचक्रोशीत कुणी ऐकलं नव्हतं. राधाकिसनरावांनी पटकन साखरेचं ताट पुढं केलं.

दोन्ही आयांचं मात्र लक्षच नव्हतं. दोघी खांद्याला खांदा लावून टीव्हीकडे डोळे वटारून बसल्या होत्या.

"चार महिने बसवलं मेल्यांनी!" द्वारकाबाई म्हणाल्या.

"मी तर सणाला माहेरी बी गेले न्हाई."

"उद्यापासून बंद, विहीणबाई."

"एकदम बंद." आशाबाईंनी मान हलवली. मग जरा थांबून म्हणाल्या, "पण ती स्कूटीवाली आक्कासाहेबाचीच नात बघा. नाकाचा शेंडा कसा वर हाय. सगळी आजीवरच गेली..."

द्वारकाबाईंची मान सावकाश वळली. "म्हंजी?"

सोयरीक जमली की साखर चिमूटभर देतात. प्रियदर्शनीनं आईच्या तोंडात मूठभर कोंबली.