इठाबाईंचा जबाब अपुरा आहे

धामणवाडीवर सोडलेलं क्षेपणास्त्र बुधवारी सकाळी सव्वादहाला गावात पोचलं, आणि ग्रामसेविका हेमलता किर्दत यांनी ते ताबडतोब ऐनवेळच्या विषयांत घेतल्यामुळे इठाबाई लोखंडे यांच्या घरावर साठ हात उंचीवर थांबलं. विषय विचाराधीन असेपर्यंत क्षेपणास्त्राला पडता येत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. क्षेपणास्त्रालाही होतं.

ग्रामसभा मारुतीच्या पारावर भरली होती, तिथून ते स्वच्छ दिसत होतं. त्याच्या पोटावर चिकटवलेला कागद हेमलताबाईंनी निवृत्त सुभेदार जगदाळ्यांच्या दुर्बिणीतून वाचला. ‘कारण : दहशतवाद’ एवढंच लिहिलं होतं. पाठवणाऱ्या देशाचा शिक्का नीट उमटला नव्हता.

सुभेदार म्हणाले, “आपणही एक मागवून त्याच्यावर सोडायचं. दोन्ही वरच्यावर संपतील.”

“आन् संपून पडतील कुणाच्या घरावर?” इठाबाईंनी विचारलं. सुभेदारांनी तेवढा विचार केला नव्हता.

गावचे शिंपी शकूर मुलाणी सलोख्याच्या बाजूचे होते. “त्या देशाला पत्र टाकू. आमचं काय चुकलं ते कळवा म्हणू.” देश कोणता, असं कुणीतरी विचारलं. मुलाणी थोडा विचार करून म्हणाले, “मग सगळ्यांनाच टाकू. ओळख वाढेल.”

सरपंच आनंदराव फाळक्यांना कुठलाही विषय जेवणाच्या आत संपवायची सवय होती. “तालुक्याहून फोन आलाय,” ते म्हणाले. “दहशतवाद म्हणजे काय ते ठरवा आणि ठराव पाठवा. एका ओळीत.”

सुभेदार उभे राहिले. “बेसावध माणसांवर, त्यांना भ्या घालायला केलेला हल्ला,” त्यांनी ठणकावून सांगितलं.

“मग हे वर आलंय ते काय?” मुलाणींनी विचारलं.

सुभेदारांनी वर पाहिलं आणि ते खाली बसले. माणूस सरळ होता. हेमलताबाईंनी ‘सुभेदार खाली बसले’ असंही लिहून घेतलं.

“हेच धरा,” सरपंच म्हणाले. “हात वर करा.”

हेमलताबाईंची लेखणी थांबली. व्याख्या आपल्या बाजूची होवो की विरुद्ध, ठराव झाला की विषय संपणार होता, आणि विषय संपला की क्षेपणास्त्र मोकळं होणार होतं. पण बाई बावीस वर्षं इतिवृत्त लिहीत होत्या आणि धामणवाडीची रीत त्यांना तोंडपाठ होती. मागे एका ग्रामसेवकानं इतिवृत्तातून अख्खा नळ गायब केला होता. तेव्हापासून बोलणाऱ्याला त्याचं बोलणं वाचून दाखवायचं, आणि तो “हेच बोललो” म्हणेपर्यंत मतदान घ्यायचं नाही.

“इठाबाईंचं म्हणणं राहिलंय,” त्या म्हणाल्या. “घर त्यांचं आहे.”

इठाबाई पदर सावरून उठल्या. “म्याडम, माजी कोंबडी अंडं देईना झालीया. सारखी वर बगती. त्याला म्हणायचं दहशतवाद.”

हेमलताबाईंनी लिहिलं आणि मोठ्यानं वाचलं. “हेच बोललात ना?”

इठाबाईंनी एकवार त्यांच्याकडे पाहिलं. शाळेत एक दिवस न गेलेल्या त्या बाईला काय कळायचं ते तेवढ्यात कळलं.

“न्हाई,” त्या म्हणाल्या. “आसं नव्हतं म्हणायचं मला. कोंबडीच्या आधीपासनं सांगाय पायजे.”

सरपंचांनी कपाळाला हात लावला. क्षेपणास्त्र हललं नाही.

तेव्हापासून इठाबाई रोज दहा ते पाच जबाब देत राहिल्या. भीतभीत पार पडलेलं पहिलं बाळंतपण सांगितलं, नवऱ्याच्या पायांचा आवाज सांगितला, दुष्काळात आलेली माणसं सांगितली. भ्या म्हणजे काय ते अख्ख्या गावाला बसल्या जागी कळत गेलं. सुभेदार रोज पहिल्या रांगेत बसत आणि कधीकधी डोळे पुसत. मुलाणींची पत्रं जात राहिली, सात देशांची उत्तरंही आली; पैकी दोघांनी आमचं नाही म्हणून कळवलं. वर क्षेपणास्त्राच्या पंखांशी एका साळुंकीनं घरटं केलं. आजूबाजूच्या गावांनी क्षेपणास्त्रं अडवायला काय काय यंत्रं बसवली, पण असला बंदोबस्त कुणाला जमला नाही, हे मान्य करायलाच हवं.

नवव्या वर्षी इठाबाई गेल्या. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला सभा भरली तेव्हा क्षेपणास्त्र हातभर खाली आलं होतं. हेमलताबाईंनी नेहमीच्या अक्षरात वारसनोंद केली आणि इठाबाईंच्या मुलीला पुढे बोलावलं. गुलाब तिचं नाव, सासरहून आलेली, रडून डोळे सुजलेले.

“आईचं कुठवर आलं हुतं?” तिनं विचारलं.

हेमलताबाईंनी शेवटची ओळ वाचली. “‘आता मला भ्या वाटत नाही.’ हेच म्हणायचं होतं ना त्यांना?”

गुलाबनं वर पाहिलं. मग पदर खोचला.

“न्हाई,” ती म्हणाली. “लिवा, म्याडम.”