तायडेकाकांचं चुंबक

तायडेकाकांच्या शर्टाच्या खिशाला बाहेरून टाचण्या चिकटलेल्या असत. खिशात चुंबक. त्यापायी त्यांनी दोन एटीएम कार्डं घालवली. बँकेतल्या बाई चिडल्या की काका म्हणत, "कार्ड कच्चं हाये तुमचं, मॅडम. माह्या चुंबकाचा काय दोष?"

अकोल्यात ते कॉलेजच्या प्रयोगशाळेत सहायक होते. मी तेल्हाऱ्याकडचा, घरातला पहिला पदवीधर. शिकताना त्यांच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहिलो. पुस्तकातलं सर्किट मला त्यांच्याच ओट्यावर कळलं.

त्यांचा जीव रीड स्विचवर. बोटाच्या पेराएवढी काचेची नळी, आत लोखंडाच्या दोन पातळ पट्ट्या, एकमेकींना न टेकलेल्या. चुंबक जवळ आलं की टेकतात आणि दिवा लागतो. "हात लावाचं कामच नाई," काका म्हणत, "जवळ आना फक्त!" चिवडा सादळू नये म्हणून डब्यालाही नळी बसवलेली. झाकण नीट लागलं की हिरवा दिवा. काकू गेल्यापासून घरात चिवडा झालाच नव्हता; रिकाम्या डब्यावर दिवा मात्र इमानानं जळायचा.

शेजारी हमीदाआपा एकट्याच राहत. त्यांच्या दाराला काकांनी चुंबक लावलं, लोखंडी चौकटीला नळी, आणि तार भिंतीवरून स्वतःच्या स्वयंपाकघरात आणली. दार बंद असेपर्यंत लाल दिवा. सकाळी सहाला आपा दार उघडत, दिवा बंद होई, मग काका चहा ठेवत. विचारलं तर सांगत, "चोरासाठी हाये."

मागच्या दिवाळीत नोकरीवरून सुट्टी काढून मी त्यांच्याकडे गेलो होतो. सकाळचे सात वाजले तरी दिवा लाल. चहाचं पातेलं कोरडं.

"आपा उठल्या नाईत रे," म्हणत काका अनवाणीच धावले. मी मागोमाग.

आपांचं दार सताड उघडं. आपा दारातच मेथी निवडत बसलेल्या.

"काहून पळून राहिले, भाऊ?"

काका धापा टाकत चौकटीकडे पाहत राहिले. आदल्या दिवशी दार पुसताना आपांनी चुंबक काढलं होतं आणि हरवू नये म्हणून चौकटीला चिकटवलं होतं. नेमकं नळीशेजारी.

"हात लावाचं काम नाई म्हटलं होतं नं तुमाले!" काका ओरडले.

"दिवा बंद झाला नाही, म्हणून घाबरलो आपा," मी सांगून टाकलं.

"असं होय! अन् मले म्हने चोरासाठी." आपांनी काकांच्या अनवाणी पायांकडे पाहिलं. "मी उठली का नाई ते तुमी पायता. तुमी उठले का नाई ते कोन पायते?"

काकांनी चौकटीवरचं चुंबक काढून पुन्हा दाराला लावलं.

दुपारी त्यांनी दुसरी नळी आणि चुंबक घेऊन स्वतःच्या दाराला बसवलं. मी शिडी धरली. या वेळी तार आपांच्या स्वयंपाकघरात गेली.

दुसऱ्या दिवशी उठलो, तर काका अंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून बंद दाराशी उभे. हात कडीवर, डोळे घड्याळावर.

"काय झालं, काका?"

"थांब. सहा वाजू दे."

सहाला त्यांनी दार उघडलं. भिंतीपलीकडून आवाज आला, "बंद झाला हो, भाऊ!"

काकांनी चहा ठेवला. साखर त्या दिवशी दुप्पट पडली.