एक प्रेसला, एक रद्दीला

फोन वाजला तेव्हा वेलांटीकाका खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवरची सूचना लाल पेनाने दुरुस्त करत होते. 'दिवसातुन तीन वेळा' मधला 'तु' त्यांनी 'तू' केला. औषध घ्यायचं तेवढं राहून गेलं होतं. छापखान्यात चौतीस वर्षं मुद्रितं तपासलेला माणूस, निवृत्त झाला म्हणून हात थोडाच स्वस्थ बसतो? दुकानांच्या पाट्या, बँकेची पत्रं, शेजारच्या मुलांचे निबंध, काही म्हणून त्यांच्या तावडीतून सुटत नसे. अख्खी इमारत त्यांना वेलांटीकाका म्हणायची ती काही उगाच नाही.

फोन काकूंचा होता. पाणीपुरवठा कार्यालयाच्या तक्रार खिडकीवर एकतीस वर्षं बसून त्या आज निवृत्त होत होत्या.

"अहो, ऐकताय ना? दाराजवळ दोन पिशव्या ठेवल्यात. एक प्रेसला द्यायची, एक रद्दीला. साडेचारला प्रेसमधून घेऊन थेट ऑफिसात या. समारंभ पाचला आहे."

"प्रेसला?" काकांचे कान टवकारले.

"हो. सकाळी घाईत राहूनच गेलं. कडक करा म्हणावं. घड्या नीट पडू देत. आणि डाग दिसता कामा नये."

"किती?"

"दोनच. एक तुमचा, एक माझा. आणि हे बघा, दोन शब्द बोलायचेत तुम्हाला, लक्षात आहे ना? ठेवते, खिडकीवर माणूस आलाय."

या दोन शब्दांचं जरा सांगायला हवं. काकूंनी आयुष्यात नवऱ्याकडे फारसं काही मागितलं नव्हतं. पण गेला महिनाभर त्या एकच गोष्ट मागत होत्या: निरोपाच्या दिवशी सगळ्यांसमोर माझ्याविषयी दोन शब्द बोला. काकांनी 'हो' म्हटलं होतं, आणि मग 'निरोप' हा शब्द कुठून आला यावर अर्धा तास बोलले होते.

आता त्यांना वेगळंच कुतूहल लागून राहिलं. हिला छापायचंय काय? एकतीस वर्षांत कधी छापण्याची गोष्ट काढली नाही, आणि आज एकदम प्रेस?

तसं पाहिलं तर इमारतीच्या खालीच एका इस्त्रीवाल्याने महिन्यापूर्वी 'प्रेस' अशी पाटी लावली होती, आणि तेव्हापासून काकूही इस्त्रीला प्रेस म्हणू लागल्या होत्या. पण काकांनी त्या पाटीला मान्यताच दिली नव्हती. "तू छापतोस काय रे?" असं त्यांनी इस्त्रीवाल्याला विचारलं होतं. "कॉलर," असं उत्तर आल्यावर दोघांचं बोलणं बंद झालं होतं. काकांच्या मते एका शब्दाला एकच अर्थ असावा, आणि प्रेस म्हणजे छापखाना.

त्यांनी पिशव्या उघडल्या. एकीत त्यांचा करडा कोट आणि काकूंचा निळा ड्रेस, दोन्ही चुरगळलेले. दुसरीत एक जाडजूड वही, वर काकूंच्या अक्षरात 'तक्रार नोंदवही'. चुरगळलेले कपडे आणि लिहिलेली वही! यातलं प्रेसला काय जायचं आणि रद्दीला काय, हे शहाण्या माणसाला सांगावं लागतं का? काकांना तरी लागलं नाही. कपडे त्यांनी जिना उतरणाऱ्या रद्दीवाल्याच्या पोत्यात टाकले. कोटाचं थोडं वाईट वाटलं, पण बायकोच्या शब्दाबाहेर जायचं नाही असं त्यांनी त्या दिवसापुरतं ठरवलं होतं.

वही घेऊन ते टेबलाशी बसले. न तपासता मजकूर प्रेसला द्यायचा म्हणजे आंघोळ न करता समारंभाला जाण्यासारखं. आत तारखा, क्रमांक, तक्रारी आणि शेवटी 'कार्यवाही'चा रकाना. ऑफिसातल्या कामाची आठवण म्हणून छापून घेत असेल, काकांनी मनाशी म्हटलं आणि लाल पेनाचं टोपण काढलं.

इथे कुणी विचारेल, की वही हातात होती तर माणसाने वाचली नाही का? नाही वाचली. तपासली. काकांचा नियमच होता, की अर्थाकडे बघितलं की चूक निसटते. एकदा त्यांनी मधमाश्यांवरचं चारशे पानांचं पुस्तक तपासलं होतं आणि नंतर कुणी विचारलं तर ते त्यांना आगगाड्यांवरचं वाटत होतं. तीन तासांत त्यांनी काकूंच्या वहीतल्या पाचशे बारा चुका काढल्या. एवढं छान काम बऱ्याच दिवसांत हाताला लागलं नव्हतं.

प्रेसचा मालक जुन्या ओळखीचा. "टाइप करायला वेळ नाही हो काका. आहे तशीच पानं छापतो, तुमच्या लाल खुणांसकट."

"चालेल. कडक हवं म्हणालीय. घड्या नीट, आणि डाग दिसायला नको."

"म्हणजे पुठ्ठ्याचं कव्हर. काकूंना बरंच कळतं की या कामातलं. प्रती किती?"

"दोन."

"दोनसाठी मशीन कोण चालवतं? पंचवीस करतो. माझ्याकडून निरोपाची भेट."

पावणेपाचला गठ्ठा बगलेत मारून काका कार्यालयात पोचले. अंगात घरातलाच सदरा, कोपरावर शाई. फाटकावर सुरक्षारक्षकाने विचारलं, "कुठून आलात?"

"प्रेसमधून."

"मग वर गेलात की पहिल्या रांगेत बसा. प्रेसवाल्यांच्या खुर्च्या तिथेच आहेत."

लिफ्टमध्ये चिठ्ठी होती: 'दार लागत नसल्यास बटण पुन्हा प्रेस करावे.' काकांनी पेन काढून 'प्रेस करावे'च्या जागी 'दाबावे' लिहिलं. तोवर लिफ्ट दोन मजले जास्त वर गेली. पण आता त्यांना गंमत वाटू लागली. सकाळपासून हा शब्द आपल्यामागे लागलाय. याचे आहेत तरी किती अर्थ?

पहिल्या रांगेत शेजारी एक बातमीदार मुलगी होती. "कुठला पेपर?" तिने विचारलं.

"चांगला जाड, पांढरा. मी स्वतः बघून घेतलाय," काका गठ्ठ्यावर हात ठेवून म्हणाले. मुलीने खुर्ची थोडी सरकवून घेतली.

काका बोटांवर मोजू लागले. छापखाना, एक. बातमीदार, दोन. बटण दाबणं, तीन. इतक्यात मागच्या रांगेतली बाई शेजारणीला म्हणाली, "शिपायाचा शर्ट बघ आज. कसा कडक प्रेस करून आणलाय. घड्यासुद्धा मोडलेल्या नाहीत."

कडक. घड्या. डाग. एक तुमचा, एक माझा. काकांनी चौथं बोट दुमडलं. चौथ्या अर्थाची पाटी तर त्यांच्या घराखालीच होती, आणि निळा ड्रेस एव्हाना पोत्यात बसून कुठल्या कुठे गेला होता.

"आलात? द्या लवकर, बदलून येते." काकू समोर उभ्या होत्या. अंगावर कामाचा रोजचा ड्रेस. त्यांनी गठ्ठा घेतला. "एवढं जड कसं? आणि तुमचा कोट कुठाय?"

"अगं, ऐक तर," काका म्हणाले. पण काकूंनी कागद फाडला होता. वरच्या पुठ्ठ्यावर त्यांचंच अक्षर होतं, 'तक्रार नोंदवही'.

"अहो, ही वही रद्दीला द्यायची होती," त्या हळूच म्हणाल्या. "ऑफिसची नाहीये ही. घरची आहे."

काकांनी काही विचारायच्या आत काकूंच्या साहेबांनी एक प्रत उचललीही होती. पुढच्या दोन मिनिटांत पंचवीसच्या पंचवीस प्रती सभागृहभर झाल्या. साहेबांचं भाषण पुढ्यातल्या कागदावर तयार होतं. "बाईंच्या खिडकीवरची एकही तक्रार एकतीस वर्षांत प्रलंबित राहिली नाही," ते म्हणाले, आणि कौतुकाने एक पान उघडून मोठ्याने वाचू लागले.

"तक्रार क्रमांक तीन. सकाळी चिठ्ठी ठेवून गेले, दूध संपलं आहे. संध्याकाळी चिठ्ठी दुरुस्त करून मिळाली. दूध मिळालं नाही. कार्यवाही: प्रलंबित."

सभागृह हसलं. साहेब गोंधळले, पण सवयीने पान उलटून पुढे वाचत राहिले.

"क्रमांक सव्वीस. वाढदिवसाचं कार्ड मिळालं. छापील शुभेच्छेतल्या दोन चुका लाल पेनाने काढलेल्या होत्या. प्रलंबित. क्रमांक एकोणचाळीस. ताप होता. 'मला बरं वाटत नाहि' असं लिहून झोपले. उठले तर 'नाहि'चं 'नाही' केलेलं होतं. प्रलंबित."

आता कुणी हसलं नाही. काकूंनी मान खाली घातली होती. काका शेजारच्या प्रतीत डोकं घालून वाचत होते. तपासत नव्हते, वाचत होते. सकाळी याच ओळीवरून त्यांचं पेन गेलं होतं, 'वाटत' आणि 'नाही'मधलं अंतर कमी करा अशी खूणही त्यांनी केली होती. आणि ताप? ताप कधी आला होता हिला? काकांना आठवेना, आणि आठवत नाही याची त्यांना मनापासून लाज वाटली.

शेवटच्या पानावर क्रमांक एकशे चार होता. 'मी लिहिलेलं हे कधी वाचत नाहीत, फक्त तपासतात. ही वहीसुद्धा सापडली तर तपासून ठेवतील.' त्या ओळीत काकांच्या दोन लाल खुणा होत्या.

साहेबांनी चष्मा काढला. तक्रारीचा माणूस तो. समोर प्रलंबित तक्रार दिसली की त्यांना एकच प्रश्न सुचत असे. "संबंधित व्यक्ती हजर आहे का?"

वेलांटीकाका उठले. कोपरावरची शाई हाताने झाकायचा त्यांनी प्रयत्न केला, मग तो नाद सोडला. दोन शब्द बोलायचे होते. 'निरोप' कुठून आला ते पाठ होतं, पण ते आता कुठल्या तोंडाने सांगणार? सुरुवात करायला गेले तर खोकल्याची उबळ आली, औषध सकाळी घ्यायचं राहिलेलं. बोलायला काही जमेना, तेव्हा त्यांनी तिथल्या तिथे लाल पेन काढलं, क्रमांक एकशे चारपुढच्या 'प्रलंबित'वर काट मारली, घाईघाईने काहीतरी लिहिलं आणि प्रत काकूंपुढे धरली.

दोनच शब्द होते. 'तक्रार वाचलि.'

काकूंनी ते दोनदा वाचलं. मग डोळे पुसून नवऱ्याच्या कानाशी म्हणाल्या, "अहो, 'वाचली'ची वेलांटी चुकली. दुसरी हवी."

"असू दे," काका म्हणाले. "अर्थ कळला ना?"